उत्तरेकडची जंगलं जळतात तेव्हा नक्की जळतं काय?

पेठेतला_कोल्हा
मंडळी, घरच्या वादात अडकलोय, सोडवा.

बहिणीचा मुलगा टोरांटोला असतो. जून २०२३ मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर न्यूयॉर्कवर उतरून आकाश नारिंगी झालं होतं, ते फोटो सगळ्यांनी पाहिले असतील. परवा फोनवर तो विषय निघाला, तर हा पठ्ठ्या म्हणतो, "मामा, ती सूचिपर्णी जंगलं हजारो वर्षं जळतच आलीत. काही झाडांच्या बिया तर आगीशिवाय सुटतही नाहीत. उगाच गळे काढू नका."

मी म्हटलं, अरे, त्या एका वर्षात सुमारे दीड कोटी हेक्टर जळालं, म्हणजे निम्मा महाराष्ट्र! त्यावर उत्तर तयार: झाड जळलं की कार्बन हवेत, नवं झाड आलं की तोच कार्बन परत झाडात, जमाखर्च शून्य.

ऐकायला बिनतोड वाटतं. मग संशोधक मंडळी तिकडे मोजपट्ट्या घेऊन वर्षानुवर्षं काय करतायत? जाणकारांनी साध्या मराठीत सांगावं. राजकारण नको.

काडीपेटी
नावामुळे पहिला संशय माझ्यावर येणार, म्हणून आधीच हजेरी लावतो. मी तेव्हा डोंबिवलीत होतो.

मृद्गंध
कोल्होबा, भाचा सांगतो त्यात खोटं काही नाही, पण तो फक्त झाडं मोजतोय.

आधी त्याची बाजू. जॅक पाइनचे शंकू राळेने घट्ट चिकटलेले असतात आणि वर्षानुवर्षं झाडावर तसेच बंद राहतात. आगीच्या धगीने राळ वितळली की शंकू उलगडतो आणि बी खाली पडतं. ब्लॅक स्प्रूसचे शंकू अर्धवट बंद, शेंड्यापाशी झुबक्याने असतात, आगीनंतर काही वर्षं थोडंथोडं बी सोडत राहतात. अ‍ॅस्पेन तर बियांच्या भानगडीत फारसं पडतच नाही. वरचं सगळं जळालं तरी मुळांतून धुमारे फुटतात. म्हणजे या जंगलांना आगीची सवय आहे, हे शंभर टक्के मान्य.

आता खाली बघा. ब्लॅक स्प्रूसच्या रानात पाय पडतो तो शेवाळावर, आणि घोट्यापर्यंत आत जातो. वर हिरवं शेवाळ, त्याखाली मेलेलं तपकिरी, त्याखाली काळा कुजका थर, आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्याही खाली बाराही महिने गोठलेली जमीन, म्हणजे पर्माफ्रॉस्ट. थंडीमुळे कुजण्याचा वेग इतका कमी की हा थर शतकानुशतकं साचतच जातो. बातम्यांमध्ये पेटलेले शेंडे दिसतात, पण हवेत जाणाऱ्या कार्बनचा मोठा वाटा या थरातून येतो. खोड तर बहुतेक वेळा वरवर काळं होऊन उभंच राहतं.

बाकी संध्याकाळी लिहिते, आता डबा भरायचाय.

नानबा
वाचतेय.

हिशोबनीस
मृद्गंध, एक मूलभूत शंका. जळून गेलेला थर किती जाड होता हे नंतर जाऊन कळतं कसं? राखही वाऱ्यावर गेली असणार. मग हे अमुक लाख टन, तमुक कोटी टन आकडे अंदाजपंचे?

डोंगरवेडा
तोवर मी आपल्याकडचं लिहितो. सह्याद्रीत फेब्रुवारी-मार्चपासून वणवे सुरू होतात आणि जवळजवळ सगळे माणसाने लावलेले असतात. कुणी पुढच्या पावसात गवत चांगलं फुटावं म्हणून, कुणी बीडी टाकून, विदर्भात मोहफुलं वेचायला खालचा पाचोळा साफ हवा म्हणून, तेंदूला नवी पालवी यावी म्हणून. आमचा ग्रुप वनखात्याबरोबर जाळरेषा काढायला जातो. गवताची आग तासाभरात डोंगर चढून जाते. खाली हात लावलात तर काळ्या काडीखाली माती थंड लागते.

त्यामुळे "जमीन जळते" हे वाचून डोक्यात प्रकाश पडला. आपली माती जळत नाही, कारण जळण्यासारखं तिच्यात उरतच नाही. उन्हाळा-पावसाळा मिळून सगळं कुजवून टाकतात.

सुरंगी
आमच्याकडे कोकणात राब भाजतात तोही घाला यादीत. पण त्याला वणवा म्हणाल तर आमचे आजोबा काठी घेऊन येतील.

मृद्गंध
हिशोबनीस, प्रश्न एकदम मुद्द्याचा. अंदाजपंचे नाही.

ब्लॅक स्प्रूसची एक खोड उपयोगी पडते. भोवतालचं शेवाळ दरवर्षी थोडं वर चढतं आणि झाडाचा बुंधा हळूहळू त्यात बुडत जातो. मग झाड बुंध्याच्या वरच्या भागातून नवी मुळं फोडतं. आग येऊन गेली की शेवाळ गेलेलं असतं आणि ती मुळं हवेत लोंबकळत राहतात. सगळ्यात वरच्या मुळापासून खाली उरलेल्या थरापर्यंत मोजपट्टी लावायची. मुळं शेवाळाच्या पृष्ठभागाच्या किंचित खाली असतात, तेवढी दुरुस्ती करायची, की किती खोलवर जळालं ते मिळतं. एका प्लॉटात अनेक झाडांना हे करायचं. गुडघे, हात, नाक सगळं काळं होतं आणि डास चावतात ते वेगळंच.

पण खरी गंमत पुढे. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, जवळपास दुप्पट झाला होता. त्यानंतर वाढलेल्या प्रत्येक पानावर, शेवाळाच्या प्रत्येक काडीवर तो शिक्का आहे. म्हणून उरलेल्या थराच्या अगदी वरचा चिमूटभर नमुना घेऊन त्याचं वय काढता येतं. समजा, जळालेलं जंगल ५० वर्षांचं होतं आणि उरलेल्या थराचा माथा त्याहून कितीतरी जुना निघाला. मग मधला जुना कार्बन गेला कुठे? जळाला. म्हणजे आग मागच्या आगीनंतर साठलेलं खाऊन थांबली नाही, त्याच्याही आधीच्या साठ्यात घुसली.

कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये २०१४ साली प्रचंड आगी लागल्या होत्या. तिथे २०० हून जास्त प्लॉट असे तपासून २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये निबंध आला. जुन्या जंगलांत हा जुना साठा बहुतेक वाचला होता. पण साठ वर्षांपेक्षा तरुण जंगलांत जवळपास निम्म्या ठिकाणी तो जळालेला सापडला.

हिशोबनीस
आत्ता कळलं. व्याज खाल्लं तोवर ठीक होतं, आता आजोबांची एफडी मोडायला लागलेत. भाच्याचा जमाखर्च शून्य येतो, पण दोन आगींमध्ये पुरेशी वर्षं गेली तरच.

मृद्गंध
अगदी. तुमच्यासारखा सीए आमच्या लॅबला हवा होता.

उलटतपासणी
सगळे एकाच सुरात गायला लागले की मला खाज सुटते. 'सायन्स'मध्ये २००६ साली आलेला निबंध कुणी वाचलाय का? अलास्कात १९९९ मध्ये जळालेल्या जंगलाचा सगळा हिशोब मांडला होता: वायू, काजळी, सगळं. जंगल जळल्यावर जागा उघडी पडते, हिवाळ्या-वसंतात तिथे पांढरं बर्फ पसरतं आणि ऊन परत आकाशात जातं. गर्द स्प्रूस असताना तेच ऊन शोषलं जात होतं. निष्कर्ष काय, तर ८० वर्षांच्या सरासरीत आगीचा परिणाम किंचित थंडावा देणारा! हे मात्र कुठल्या बातमीत येत नाही.

पेठेतला_कोल्हा
हे भाच्याला कळता कामा नये.

मृद्गंध
उलटतपासणी, निबंध उत्तम आहे आणि आमच्या क्षेत्रात सगळ्यांनी वाचलेला आहे. पहिल्या वर्षी तापवणारा परिणाम, पुढे बर्फामुळे थंडावा, हे त्यातच दिलंय. पण "८० वर्षांच्या सरासरीत" हे शब्द तुम्हीच लिहिलेत. तीच जागा तीस-चाळीस वर्षांत परत जळाली तर? आणि बर्फ वसंतात लवकर वितळायला लागलं तर परावर्तनाचा फायदाही आटतो. शिवाय पर्माफ्रॉस्ट. शेवाळाचा थर जमिनीवरची गोधडी असतो, तो गेला आणि वर काळी राख आली की उन्हाळ्यात जमीन जास्त खोलवर वितळते. जिथे जमिनीत बर्फाचे मोठे थर आहेत तिथे ती खचते, खड्डे पडतात, त्यात पाणी साचतं आणि झाडं दारुड्यांसारखी तिरकी होतात.

उलटतपासणी
चला, निदान "वाचलेला आहे" हे तरी कुणी म्हणालं. मुद्दा मागे घेत नाही. जागेगणिक उत्तर बदलतं एवढंच माझं म्हणणं.

मृद्गंध
त्याला +१. जागेगणिक बदलतंच.

हिमवाटकरी
धागा उशिरा पाहिला. मी नोकरीनिमित्त यलोनाइफला असतो, वर उल्लेख झालेल्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजच्या राजधानीत.

२०२३ च्या १६ ऑगस्टला संध्याकाळी शहर रिकामं करायचा हुकूम आला. सुमारे वीस हजार माणसं आणि दक्षिणेला जाणारा रस्ता एकच. आठवडाभर आधीपासून गाडीच्या काचेवर राख पडत होती, ती बोटाने पुसली की तेलकट काळं. शहराभोवती बुलडोझर लावून झाडं तोडून पट्टे काढत होते, घरांच्या छपरांवर स्प्रिंकलर बसवत होते. आम्ही शेजारच्या मल्याळी कुटुंबाबरोबर दोन गाड्यांत निघालो. बायकोने देवघरातला गणपती, कागदपत्रं आणि कुकर घेतला. कुकर का, ते आजपर्यंत विचारलेलं नाही. पुढे फोर्ट प्रॉव्हिडन्सला पेट्रोलसाठी ही रांग. वाटेत काही ठिकाणी दोन्ही बाजूंना धुमसत होतं. लोक वर शेंडे बघत होते आणि धूर येत होता खालून, जमिनीतून.

६ सप्टेंबरला परत जाऊ दिलं. शहर वाचलं. पण त्याच रस्त्याच्या बाजूला एंटरप्राइझ नावाचं छोटं गाव आहे, ते जवळपास सगळं गेलं.

बहुतेक माणसांनी तोवर मनाशी एक धरलं होतं की हिवाळा आला की आग संपते. तेही पूर्ण खरं नाही, पण ते मृद्गंध जास्त चांगलं सांगतील.

नानबा
कुकरचं कारण मला माहीत आहे. कुठेही गेलं तरी रात्री वरण-भात लागतोच.

काडीपेटी
हिवाळ्यात पण? उणे चाळीसमध्ये? आग स्वेटर घालते काय?

मृद्गंध
शेवाळाचा स्वेटर घालते, हो. खोलवरच्या कुजक्या थरात आग ज्वाळेशिवाय धुमसत राहते. वर फूटभर बर्फ पडतं, तेच थंडीपासून तिचं रक्षण करतं. वसंतात बर्फ वितळून वरचं कोरडं झालं की ती परत डोकं काढते. तिकडे या आगींना 'झॉम्बी फायर' म्हणतात.

अ‍ॅमस्टरडॅमच्या एका गटाने २०२१ मध्ये यावर काम प्रसिद्ध केलं. अलास्का आणि नॉर्थवेस्ट टेरिटरीज, वर्षं २००२ ते २०१८. युक्ती अशी की वसंताच्या सुरुवातीला विजा पडायला लागलेल्या नसतात. तेव्हा गेल्या वर्षीच्या जळक्या पट्ट्याला लागूनच, वस्ती-रस्त्यापासून दूर आग दिसली तर ती बहुधा हिवाळा काढून आलेली. एकूण जळालेल्या क्षेत्रात त्यांचा वाटा सरासरीने एका टक्क्याहूनही कमी निघाला. पण एका वर्षी तो ३८ टक्के होता! आदल्या वर्षी उन्हाळा तापला आणि आगी खोल गेल्या की हे वाढतं.

डोंगरवेडा
मग खेडूत शहाणपण हेच सांगतं की बर्फ वितळायच्या आत जाऊन ती विझवा. जागा तर माहीतच आहे, गेल्या वर्षीच्या आगीचा काठ.

मृद्गंध
शास्त्रज्ञांनीही निबंधात नेमकं तेच सुचवलंय.

सुरंगी
अवांतर: आग गेल्यावर पुढच्या वर्षी तिकडे अळंबी उगवतात ना? माझी मैत्रीण ब्रिटिश कोलंबियात असते, ती जळक्या रानात टोपली घेऊन गेली होती.

हिमवाटकरी
मोरेल. आपल्याकडे हिमाचल-काश्मीरची गुच्छी म्हणतात त्याच कुळातली. २०१४ च्या आगींनंतर २०१५ च्या उन्हाळ्यात इकडे गोळा करणाऱ्यांची जत्रा लागली होती. मधमाशीच्या पोळ्यासारखं दिसणारं ते तपकिरी डोकं काळ्या राखेत शोधणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. एक दिसलं की आजूबाजूला दहा दिसायला लागतात.

नानबा
गुच्छीचा भाव माहीत आहे का? किलोला हजारोंनी मोजावे लागतात. उद्याच विमानाचं तिकीट काढते.

सुरंगी
गुच्छी पुलाव विथ झॉम्बी तडका. ह. घ्या.

पक्षीवेडी
अवांतरात माझी भर. काळा अग्निभुंगा नावाचा एक कीटक आहे, मेलानोफिला. त्याच्या छातीच्या दोन्ही बाजूंना धग ओळखणारी इंद्रियं असतात, दुरून आगीकडे उडत येतो. ताज्या जळालेल्या लाकडात अंडी घालतो, कारण झाडाला आता स्वतःचा बचाव करता येत नाही. मग अळ्या खायला काळ्या पाठीचा सुतारपक्षी येतो. जळक्या खोडावर तो असा मिसळून जातो की टकटक ऐकू आल्याशिवाय दिसत नाही.

उलट कॅरिबूची, म्हणजे तिकडच्या रेनडिअरची, पंचाईत. हिवाळ्यात तो दगडफुलासारखी लायकेन खातो आणि ती परत नीट वाढायला पन्नासेक वर्षं किंवा जास्तच लागतात. मूस मात्र खूश, त्याला कोवळ्या विलोची मेजवानी.

संपादक
राजकीय प्रतिसाद उडवले आहेत. कृपया विषयावर या.

काडीपेटी
पन्नास प्रतिसाद होईपर्यंत धीर धरवला नाही म्हणायचा लोकांना.

विमाननगरकर
कॅनडाचं झालं, पण सायबेरियात तर याहून मोठं जंगल आहे. तिकडे काय?

मृद्गंध
तिकडे आगीचा स्वभावच वेगळा. उत्तर अमेरिकेत ब्लॅक स्प्रूसच्या फांद्या पार जमिनीपर्यंत, सुक्या, राळेच्या. खालची आग शिडी चढल्यासारखी शेंड्याला पोचते आणि एका शेंड्यावरून दुसऱ्यावर उड्या मारते. सायबेरियात लार्च आणि स्कॉट्स पाइन जास्त. पाइनची साल जाड, खालच्या फांद्या झडलेल्या. त्यामुळे बऱ्याचदा आग पाचोळ्यातून पायाखालून जाते आणि झाडं जगतात. २०१५ मध्ये उपग्रहांच्या नोंदींवरून दोन्ही खंडांची तुलना झाली, त्यात फरकाचं मोठं कारण हवामानापेक्षा झाडांच्या जाती हेच निघालं.

पण २०२१ मध्ये सायबेरियातल्याच याकुतियात जे पेटलं त्याचा धूर उत्तर ध्रुवापर्यंत गेला होता. त्या वर्षी जगभरच्या आगींतून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी २३ टक्के या उत्तरी जंगलांतून आला. एरवी १० टक्क्यांच्या आसपास असतो.

पेठेतला_कोल्हा
आणि २०२३ चा कॅनडाचा आकडा?

मृद्गंध
मे ते सप्टेंबर, सुमारे ६४.७ कोटी टन कार्बन. त्या मापाने बघितलं तर कोळसा-तेल जाळून वर्षभरात याहून जास्त सोडणारे देश तीनच: चीन, अमेरिका आणि भारत.

हिशोबनीस
आणि हे कॅनडाच्या खात्यात लागतं का?

मृद्गंध
देशाच्या अधिकृत हिशोबात ते 'नैसर्गिक आपत्ती' म्हणून वेगळं काढतात. हवेला ते कळत नाही, हा भाग निराळा.

हिशोबनीस
आमच्या एका क्लायंटला ही आयडिया सांगायला हवी.

उलटतपासणी
आता माझ्या बाजूचा अजून एक पुरावा. अलास्कात २००४ साली जळालेल्या जागांवर अनेक ठिकाणी स्प्रूस परत आलाच नाही, त्याऐवजी अ‍ॅस्पेन आणि बर्च आले. २०२१ च्या 'सायन्स'मधल्या निबंधानुसार शंभर वर्षांच्या चक्रात ही पानझडी जंगलं स्प्रूसपेक्षा पाचपटीच्या आसपास जास्त कार्बन साठवतात. शिवाय त्यांची पानं ओलसर, लवकर पेटत नाहीत. निसर्ग आपली सोय करतो, मंडळी.

मृद्गंध
हाही निबंध चांगला आणि खरंच आशा देणारा. पण हा साठा लाकडात जातो. जमिनीवरची गोधडी मात्र तशी परत येत नाही, पानांचा पाचोळा शेवाळ वाढू देत नाही. शिवाय स्प्रूस गेला की सगळीकडे अ‍ॅस्पेनच येतो असं नाही. २०२१ मध्येच उत्तर अमेरिकेतल्या १,५३८ जळक्या जागांची पाहणी प्रसिद्ध झाली. बऱ्याच ठिकाणी ब्लॅक स्प्रूस टिकून होता. पण जिथे कुजका थर खोलवर जळाला आणि जागा आधीच कोरडी, तिथे तो हरत होता, आणि काही ठिकाणी तर जंगल परत उभंच राहत नव्हतं.

डोंगरवेडा
म्हणजे सगळा खेळ शेवाळ किती उरलं यावर.

पेठेतला_कोल्हा
मूळ प्रश्नाकडे येतो, नाहीतर भाचा सुटला. "हजारो वर्षं जळतच आलंय" याचं काय करायचं? पूर्वी किती जळायचं हे कुणी मोजलंय?

मृद्गंध
तळ्याच्या तळाशी कोळशाचे कण साचतात, थरावर थर. नळी घालून तो गाळ काढायचा, थरांची वयं काढायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजायचे. अलास्कातल्या युकॉन फ्लॅट्स भागातल्या तळ्यांवर २०१३ मध्ये असं काम आलं. तिथलं अलीकडचं जळणं गेल्या दहा हजार वर्षांच्या मर्यादेबाहेर गेलेलं दिसलं. भाचा म्हणतो तशा आगी होत्याच. तो सोडतोय ती दोन आगींमधली वर्षं.

हिमवाटकरी
आणि त्याच युकॉन फ्लॅट्समध्ये २०२३ पासून अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने सुमारे १६ लाख एकरांवरच्या आगी सुरुवातीलाच विझवायचं ठरवलं. गाव वाचवायला नाही, खाली गोठलेला कार्बन वाचवायला. एरवी इतक्या आडरानातली आग जळू देतात.

उलटतपासणी
विझवत बसलात तर जळण साठत जाईल आणि एक दिवस सगळं एकदम पेटेल. कॅलिफोर्नियात हेच झालं ना?

मृद्गंध
कॅलिफोर्नियाच्या कोरड्या पाइनरानात खालचा पाचोळा वारंवार हलका जळायचा, तो थांबवल्याने घात झाला. ब्लॅक स्प्रूसमध्ये जळण साठणं हा मुळात त्या जंगलाचा धर्मच आहे, शंभर-शंभर वर्षं ते साठतंच. तरी तुमची शंका रास्त आहे, यावर तिकडेही एकमत नाही. खर्चाचा हिशोब मांडणारे म्हणतात की हवेत जाण्यापासून वाचवलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या टनामागे १३ डॉलरच्या आत काम होतं. विमानातून उडी मारणाऱ्या अग्निशामकांचे कॅप्टन विचारतात, गाव आणि शेवाळ एकाच दिवशी पेटलं तर माणसं कुठे पाठवू?

हिमवाटकरी
गावाकडे पाठवा. मी गावात राहतो.